एकास एकशे चव्वेचाळीस

मॉडेलवरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ १:१४४ या मापात, म्हणजे मूळ वस्तूच्या एकशे चव्वेचाळिसाव्या हिश्श्यात, खऱ्या यानावर ७२ मिलिमीटरची होते. दोन पत्र्यांमधला सांधा म्हणून अ‍ॅक्रिलिकवर मी कटरनं जी बारीक चीर ओढते, ती खऱ्या यानावर असती तर तिच्यात अख्खा हात गेला असता. असं यान कुणी अंतराळात पाठवणार नाही. रंगाचा थर ०.१ मिलिमीटरचा बसला तर तो तिथे १४ मिलिमीटरचा गिलावा ठरतो. आणि माणूस उंचीला जेमतेम १२ मिलिमीटर. मॉडेलला हात घालण्याआधी हे आकडे डोक्यात मुरवावे लागतात. हात आपल्या मापानं चालत असतो, आणि बघायचं असतं त्या बारा मिलिमीटरच्या माणसाच्या डोळ्यांनी.

यानाचं नाव 'डिस्कव्हरी'. स्टॅन्ली क्युब्रिकच्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटातलं, गुरूकडे निघालेलं. पुढे पांढरा गोल, त्यात माणसं. मागे लांबच लांब कणा, त्यावर सारख्या पेट्यांची रांग, मध्यावर अँटेना, आणि शेवटच्या टोकाला इंजिनं. चित्रपट आला १९६८च्या एप्रिलमध्ये. तोवर एकही माणूस चंद्रापर्यंतसुद्धा गेलेला नव्हता. अपोलो-८ चंद्राभोवती फिरून आलं ते त्या वर्षाच्या डिसेंबरात. तरीही पन्नासहून अधिक वर्षांनंतर हे यान जुनं वाटत नाही. का वाटत नाही, हे मला हातानं समजून घ्यायचं होतं. ते नुसतं बघून कळत नाही, करून बघितल्यावर कळतं.

माझा धंदाच मॉडेलचा. लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात आम्ही इमारतींची मॉडेल करतो, बिल्डरच्या सेल्स ऑफिसात काचेच्या पेटीत ठेवलेली असतात ती. अ‍ॅक्रिलिक, सनबोर्ड, लेझर कटिंग, फवाऱ्यानं मारायचा ड्यूको रंग, मजल्यामजल्यावर एलईडी. जी इमारत अजून पायाच्या खड्ड्यात आहे ती आम्ही उभी करून, दिवे लावून दाखवतो. दिवसा हे काम आणि रात्री मुलुंडला घरी यान, असं चाललं आहे. दोन्हीकडे हत्यारं तीच, तुकडे चिकटवायच्या क्लोरोफॉर्मचा वास तोच.

मापाचं वेड मात्र त्याआधीचं, ते बाबांकडून आलं. बाबा भायखळ्याच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. ओतकामासाठी आधी लाकडाचा नमुना करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात आणि त्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततात. बीड थंड होताना आक्रसतं, फुटामागे साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एका सुतानं मोठा. बाबांची ती पोलादी पट्टी घरात होती आणि शाळेच्या कामाला तिला हात लावायची मला बंदी होती. "ही पट्टी पुढचं मोजते," असं ते सांगायचे. आत्ता हातात असलेल्या लाकडाचं माप त्यांच्या लेखी गौण होतं. ते ज्याचं होणार आहे त्याचं माप महत्त्वाचं. यानाची ड्रॉइंग काढताना मला बाबांची फार आठवण येते.

इमारतीच्या मॉडेलमध्ये आकार पटवून देण्याचं निम्मं काम हवा करते. वांद्र्याच्या किनाऱ्यावरून वरळीचे टॉवर बघा. मुंबईच्या दमट, धुरकट हवेत ते फिके, निळसर-करडे होऊन जातात, आणि त्या फिकेपणावरून डोळा अंतर ओळखतो. म्हणून लहान मापाच्या मॉडेलचा रंग बनवताना मूळ छटेत थोडा पांढरा, थोडा करडा मिसळायची रीत आहे. रणगाडे आणि विमानांची मॉडेल करणारेही हेच करतात. अंतराळात ही सोय नाही. हवाच नाही तर फिकं काय करणार? दहा किलोमीटरवरचं यानही हाताशी असल्यासारखं स्वच्छ दिसणार. सूर्य एकच, उजेडाची कड धारदार, सावली काळीकुट्ट. तिथे वस्तू मोठी आहे हे सांगायला फक्त तिच्या अंगावरचा तपशील उरतो.

चित्रपटवाल्यांना हे पुरतं ठाऊक होतं. 'डिस्कव्हरी'चं त्यांचं मोठं मॉडेल ५४ फूट लांब होतं आणि त्याचा पुढचा गोल ६ फुटांचा. लांबच्या दृश्यांसाठी १५ फुटांचं आणखी एक होतं. एवढा खटाटोप कशासाठी? लहान वस्तूचं जवळून चित्रण केलं की तिचा पुढचा भाग रेखीव येतो आणि मागचा धूसर होतो, आणि वस्तू लहान आहे हे त्या धूसरपणातूनच उघडं पडतं. लेन्सचं तोंड अगदी बारीक केलं तर सगळं सारखं रेखीव येतं, पण मग उजेड फार थोडा मिळतो. म्हणून त्यांनी एकेका फ्रेमला काही सेकंद दिले आणि कॅमेरा स्क्रूच्या गतीनं रुळावरून अत्यंत सावकाश सरकवला. आज पडद्यावर यान निवांत तरंगत जाताना दिसतं, त्यातली प्रत्येक चौकट अशी उभी राहिलेली आहे.

आणि अंगावरचा तपशील आला कुठून? बाजारातल्या प्लॅस्टिकच्या किटमधून. मालगाड्यांचे डबे, युद्धनौका, विमानं, जेमिनी यानं, मिळेल ते किट फोडून त्यातले सुटे भाग त्यांनी चिकटवले. पुढे १९७७च्या 'स्टार वॉर्स'च्या यानांनाही हाच मार्ग लाभला आणि या कामाचा तो जणू कुळाचारच झाला. माझा माल भंगारातला. बिघडलेल्या प्रिंटरची दातेरी चाकं, रिफिलच्या नळ्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं, सिरिंजचे दट्टे. लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या सर्किटला लागणाऱ्या हेडर पिनच्या पट्ट्या मिळतात, त्यांच्या दोन पिनांत २.५४ मिलिमीटर अंतर असतं. १४४नं गुणा, ३६६ मिलिमीटर येतात. शिडीच्या दोन पायऱ्यांत साधारण एक फूट अंतर असतं, म्हणजे ही शिडी चढायला जरा उंच. पण वजनच नाही तिथे शिडी म्हणजे हात धरायची जागा, आणि हाताला ३६६ मिलिमीटर चालतात. कण्याच्या दोन्ही अंगांना मी त्याच पट्ट्या लावल्या आहेत.

माझा एक नियम आहे. कुठलाही तुकडा चिकटवण्याआधी त्याला काम द्यायचं. हा व्हॉल्व्ह आहे की बिजागरीवरचं झाकण? तपासणीची झडप आहे की धरायची कडी? उत्तर मिळालं नाही तर तुकडा परत डब्यात. हा हट्ट वाटेल, पण त्यानं मॉडेल बदलतं. व्हॉल्व्ह म्हटला की त्याच्याकडे येणारी नळी हवी, नळी म्हटली की ती कुठल्या तरी टाकीपाशी जायला हवी. एका तुकड्याचं उत्तर दुसऱ्या तुकड्याला बांधून घेतं, आणि हळूहळू त्या निर्जीव पेट्यांमध्ये एक व्यवस्था दिसू लागते. उलट, जिथे काही काम नाही तिथे पत्रा मोकळा सोडायचा. मला भरगच्च मॉडेल आवडत नाहीत. बोटभर जागा रिकामी दिसली की तिथे काहीतरी डकवायचं, हा मोह अनेक चांगल्या कारागिरांना होतो. पण मोकळ्या पत्र्यावर डोळा टेकतो आणि मगच शेजारची बारीक झडप बारीक आहे हे त्याला समजतं. तेच डागांचं. रणगाड्यावर चिखल आणि गंज शोभतो. इथे पाऊस नाही, दमट हवा नाही, गंजायला कारण नाही. पत्र्यापत्र्यात पांढऱ्याच्या किंचित वेगळ्या छटा, बस.

त्या पांढऱ्यानं मात्र माझा पावसाळा खाल्ला. ड्यूकोमधला थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि जुलैतल्या मुंबईच्या हवेतलं पाणी त्या गार, ओल्या थरात उतरतं. रंगावर दुधाळ झाक येते. पांढऱ्यावर ती लगेच दिसत नाही, पण दिव्याखाली चमक मेलेली कळते. आमच्या गाळ्यातले रंगारी, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते गणपतीच्या सीझनला लालबागच्या कारखान्यात रंगकामाला जातात. भर पावसात रंगवणं हा त्यांचा रोजचा विषय. त्यांनी सावकाश उडणारा थिनर दिला, हॅलोजन लावून आधी तुकडा कोमट करायला सांगितलं, आणि पातळ थर, मध्ये भरपूर वेळ, असं दाखवून दिलं. जाड एक थर देण्यापेक्षा पातळ चार देणं १:१४४ला फार महत्त्वाचं आहे, गिलाव्याचा आकडा वर दिलाच आहे.

आता गोलाकडे येते, कारण खरी लढाई तिथे झाली. आर्थर सी. क्लार्कच्या याच नावाच्या कादंबरीत यान जवळपास ४०० फूट लांब आहे आणि माणसांचा गोल ४० फुटांचा. चित्रपटात त्या गोलाच्या आत एक फिरतं चाक आहे, ज्याच्या आतल्या बाजूनं अंतराळवीर धावतो. त्याचा सेट खरोखर फिरणारा होता, व्यास ३८ फूट, बांधला होता व्हिकर्स-आर्मस्ट्राँग या कंपनीनं. ३८ फुटांचं चाक ४० फुटांच्या गोलात मावतं, गणित करून बघा, साडेबारा फूट रुंदीपर्यंत मावतं. पण ते मावलं की गोलाचे दोन तुकडे होतात, आणि मग पुढच्या बाजूला तीन छोट्या यानांची जागा, नियंत्रण कक्ष, संगणकाची खोली आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा कुठे बसवायच्या? बसत नाहीत. ज्या यानाला पन्नास वर्षं लोक वास्तवदर्शी म्हणत आले, त्याचं आतलं घर बाहेरच्या भिंतींत मावत नाही.

याचा मला राग येत नाही. सेट माणसांच्या आणि कॅमेऱ्याच्या सोयीनं बांधतात, मॉडेल पडद्यावरच्या रूपासाठी. पण मॉडेल करणाऱ्याला निर्णय घ्यावाच लागतो. शेवटी मी आतून बाहेर आले. चाक ३८ फुटांचंच ठेवलं, कारण त्यामागे हिशोब आहे. एवढ्या चाकाला दर बारा सेकंदांना एक फेरी दिली की कडेवर चंद्राएवढं वजन मिळतं. पृथ्वीएवढं हवं असेल तर पाच सेकंदांच्या आत फेरी पुरी करावी लागेल, आणि डोकं मध्याच्या जवळ, पाय लांब, अशा चाकात इतक्या वेगानं माणूस गरगरून पडेल. चाक ठरल्यावर त्याच्या पुढेमागे बाकी खोल्या मांडल्या आणि गोल ५५ फुटांचा आला. माझ्या मापात ११६ मिलिमीटर, स्कायलाइटसाठी आम्ही वापरतो तसल्या अ‍ॅक्रिलिकच्या दोन अर्ध्या घुमटांचा. लांबी मात्र चित्रपटातल्या मॉडेलच्या प्रमाणातच ठेवली, गोलाच्या नऊपट. मीटरभराहून थोडी जास्त होते.

एवढी लांबी हवी कशाला, हेही सांगायला हवं. मागे अणुभट्टी आहे. किरणोत्साराची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. दहापट लांब गेलं की शंभरावा हिस्सा. शिशाची जाड भिंत वाहून नेण्यापेक्षा नुसतं अंतर ठेवणं हलकं पडतं. त्या लांबलचक कण्याचं सौंदर्य मला हे कळल्यापासून दुप्पट वाटतं.

मूळ मॉडेल बघून माप घ्यावं म्हटलं तर ते कुठेच नाही. चित्रीकरणानंतर ती मॉडेल नष्ट केली गेली. दुसऱ्या कुठल्या चित्रपटात ती वापरली जाऊ नयेत अशी क्युब्रिकची इच्छा होती. त्यातलं 'एरीज' हे चांद्रयान तेवढं वाचलं आणि २०१५ साली लिलावात निघालं, तेव्हा ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं ते ३,४४,००० डॉलरना घेतलं. १९८४मध्ये पुढचा चित्रपट करताना 'डिस्कव्हरी' पुन्हा लागली, तर तिथल्या मातब्बर कारागिरांनाही जुन्या चित्रपटाच्या चौकटी मोठ्या करून त्यावरूनच माप काढावं लागलं. मीही तेच करते. चौकट थांबवायची, गोलाचा व्यास एकक धरायचा आणि बाकी सगळं त्याच्या पटीत मोजायचं.

माझा भाचा माटुंग्याला व्हीजेटीआयमध्ये मेकॅनिकल शिकतो. कणा पुरा झाल्यावर तो बघायला आला, बराच वेळ दोन्ही बाजूंनी फिरला आणि म्हणाला, "आत्या, ही वितळेल."

तो बरोबर होता. निर्वात पोकळीत उष्णता वाहून न्यायला हवा नाही, पाणी नाही. ती फक्त प्रारणानं बाहेर टाकता येते, आणि त्यासाठी मोठा उघडा पत्रा लागतो. समजा भट्टीतून वीज काढून १० मेगावॅट उष्णता उरली आणि पत्रा ३०० अंश सेल्सिअसला ठेवला, तर चौरस मीटरमागे सुमारे ६ किलोवॅट बाहेर पडतील. दोन्ही बाजू मोकळ्या धरल्या तरी ८०० चौरस मीटरहून जास्त पत्रा हवा. कादंबरीत क्लार्कनं अशी उष्णता टाकणारी पाती दिली आहेत, गोलामागे पसरलेली. चित्रपटासाठी यान आखणाऱ्यांनाही ती ठाऊक होती. पण प्रेक्षकांना ते पंख वाटतील, आणि हवा नसलेल्या अंतराळात पंख कशाला असा घोळ होईल, म्हणून ती गाळली गेली. पडद्यावरची 'डिस्कव्हरी' म्हणून इतकी सडपातळ आहे.

आता मी काय करावं? हे यान लाखो लोकांनी जसं पाहिलं आहे तसं करायचं, का तसं असतं तर जे जगलं असतं ते? भाच्याशी माझा यावर खूप वाद झाला. मी सुरुवातीला चित्रपटाच्या बाजूनं होते. पाती लावली की यानाचा तो बाणासारखा सडपातळ आकार, तो बाण, मोडतो, आणि ज्या रूपासाठी मी या कामाला बसले तेच जातं, असं माझं म्हणणं.

मत बदललं ते गाळ्यात. ४० मजली टॉवरचं मॉडेल पाठवायचं होतं आणि शेवटची तपासणी करत होते. आमच्या मॉडेलवर काय नसतं याची यादी मला पाठ आहे. वाळत घातलेले कपडे नसतात, कबुतरांची जाळी नसते, ग्रिल नसतं आणि एसीची बाहेरची युनिटं नसतात. युनिटं दाखवू नका, दर्शनी भाग खराब दिसतो, अशी सूचनाच असते. आणि मुंबईत कुठल्याही राहत्या इमारतीकडे मान वर करून बघा, आधी काय दिसतं? ओळीनं टांगलेली ती युनिटं. आतली उष्णता बाहेर टाकल्याशिवाय माणसांना त्या काचेच्या घरात राहताच येत नाही. आम्ही मॉडेलमधून नेमकं तेच काढून टाकतो, कारण ते दिसायला नको असतं. चित्रपटातल्या यानावरूनही तेच काढलं गेलं, कारणही तेच. पोटासाठी मी हे गेली कित्येक वर्षं करते आहे. घरी, माझ्या टेबलावर, कुणाची सूचना नसताना, तेच पुन्हा करायला माझं मन तयार होईना. ज्या यानात माणसं आहेत असं मी मानते, त्यांच्यासाठी मी शिडीची पायरीसुद्धा मोजली. मग त्यांची उष्णता कशी विसरू?

पाती केली. ८०० चौरस मीटर माझ्या मापात फक्त ३८६ चौरस सेंटिमीटर होतात, म्हणजे साधारण १० बाय १९ सेंटिमीटरची दोन. ०.३ मिलिमीटरचा पितळी पत्रा घेतला, तो तिथे ४३ मिलिमीटर जाडीचा होतो, आत नळ्या जायला पुरेसा. वरच्या नळ्यांसाठी विजेच्या वायरीतली एकेक तांब्याची तार, ०.२ मिलिमीटरची, म्हणजे जवळपास इंची पाइप. कादंबरीत पाती इंग्रजी व्ही अक्षरासारखी आहेत. पण समोरासमोर उभे असलेले दोन तापलेले पत्रे एकमेकांनाच उष्णता परत देत राहतात, म्हणून मी ती सपाट, एका प्रतलात, कण्याच्या दोन अंगांना पसरली. रंग पांढराच. पांढरा रंग सूर्याचा उजेड परतवतो आणि अवरक्त प्रारण मात्र चांगलं बाहेर सोडतो. शिवाय पात्यांची कड सूर्याकडे हवी, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचे रेडिएटरही तसेच फिरवतात. म्हणून मी दिव्याची जागा बदलली. एकच दिवा, पात्यांच्या कडेच्या रेषेत. बाण मोडला, हे खरं आहे. मला ते आता चुकीचं वाटत नाही.

पात्यांवर शेवटचा हात देण्यासाठी मी ती गाळ्यावर नेली होती. मामांनी उलटसुलट करून पाहिली. "ताई, विमान आहे का हे? पंख कशाला?"

"पंख नाहीत मामा. एसीची बाहेरची युनिटं आहेत."

त्यांना पुढे काहीच समजावून सांगावं लागलं नाही. थोडा वेळ पाती हातात तोलत त्यांनी विचारलं, "पण मग दोन पुरतील का?"

भट्टी किती मोठी धरायची यावर ते आहे. १० मेगावॅट हा मी आणि भाच्यानं मानलेला आकडा, आणि गुरूपर्यंत जायचं म्हटल्यावर तो म्हणतो की आपण कमीच धरला आहे. म्हणून इंजिनांच्या बाजूला, आत्ता बसवलेल्या पात्यांच्या मागे, कण्यावर आणखी एका जोडीसाठी भोकं पाडून ठेवली आहेत. पितळी पत्रा उरला आहे. दिवाळीच्या सुट्टीत भाचा येईल तेव्हा भट्टीचा हिशोब पुन्हा मांडू.